वुहानचा नकाशा आणि इतिहास एकत्र कसा वाचावा

नकाशावर वुहान या नावाने जे महानगर दिसते, ते मुळात तीन वेगळ्या गावांचे मिळून झालेले आहे. म्हणून अभ्यासाची सुरुवात नावापासून न करता नद्यांपासून करावी. कोऱ्या कागदावर नैऋत्येकडून ईशान्येकडे वाहणारी यांगत्से काढावी आणि पश्चिमेकडून येणारी हान नदी तिच्या डाव्या काठाला आणून मिळवावी. यांगत्सेच्या उजव्या काठावर वुचांग, तर डाव्या काठावर हानच्या दक्षिणेला हानयांग आणि उत्तरेला हानकौ, अशी नावे लिहिली की पुढच्या वाचनाचा आराखडा तयार होतो.

यापुढे कोणतीही घटना वाचनात आली, की ती या तिघांपैकी कोठे घडली हे आधी ठरवावे. वुचांग हे राज्यकारभाराचे व लष्कराचे ठाणे होते. त्यामुळे चीनच्या शेवटच्या, म्हणजे छिंग राजवटीच्या अंताला कारण ठरलेला 10 ऑक्टोबर 1911 चा उठाव तेथील सैनिकांनी केला, यात नवल नाही. हानयांगची ओळख झांग झिदाँग या प्रांताधिपतीने 1890 च्या दशकात उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे झाली.

हानकौसाठी मात्र अधिक वेळ राखून ठेवावा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हान नदीने पात्र बदलले आणि तिच्या नव्या मुखाच्या उत्तरेला ही वस्ती वाढली. म्हणजे तिघांत वयाने सर्वांत लहान असलेले हे गाव व्यापारात मात्र सर्वांच्या पुढे गेले. 1861 मध्ये ते परदेशी व्यापाराला खुले झाले. नदीकाठाने प्रवाहाच्या दिशेने जात ब्रिटिश, रशियन, फ्रेंच, जर्मन आणि जपानी वसाहतींचे पट्टे याच क्रमाने नकाशावर आखावेत. येथील मुख्य रस्ते नदीला समांतर धावतात, त्यामुळे उत्तर-दक्षिण दिशेचा हिशेब सोडून ‘नदीकडे’ आणि ‘नदीपासून दूर’ असाच विचार केल्यास वाट चुकत नाही. नदीपासून दूर, उत्तरेच्या बाजूला, 1905 मध्ये बांधलेला बांध दाखवावा. तो होईपर्यंत त्या भागात दलदल आणि तळीच अधिक होती, आणि शहराची त्या दिशेची वाढ त्यानंतरची आहे.

त्यानंतर रेल्वेमार्ग काढावेत. बीजिंगहून येणारा मार्ग 1906 मध्ये हानकौपर्यंत आला आणि क्वांगचौचा मार्ग 1936 मध्ये वुचांगपर्यंत पूर्ण झाला. मध्ये यांगत्से असल्याने डबे नावेतून पलीकडे न्यावे लागत. 1957 मध्ये हानयांगची कासव टेकडी आणि वुचांगची साप टेकडी यांना जोडणारा दुमजली पूल खुला झाला, वर रस्ता आणि खाली रेल्वे. पुलाच्या वुचांगकडील टोकाने पीतक्रौंच मनोऱ्याची, म्हणजे या शहराच्या प्रसिद्ध जुन्या मनोऱ्याची, जागा व्यापली, म्हणून 1884 मध्ये जळालेला तो मनोरा 1985 मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा तो मूळ ठिकाणापासून सुमारे एक किलोमीटर दूर उभारावा लागला. प्राचीनतेच्या अपेक्षेने तेथे जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आतली रचना काँक्रीटची आहे.

1938 साठी वेगळी नोंद ठेवावी. तेव्हाची राजधानी नानजिंग जपानी सैन्याच्या हाती पडल्यानंतर ऑक्टोबरपर्यंत चीनच्या सरकारचा कारभार प्रत्यक्षात वुहानमधूनच चालत असे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकात होते, ते पथकही त्याच वर्षी हानकौला आले होते.

शेवटी पुराची पातळी नोंदवावी. 1931 च्या महापुरात हानकौ पाण्याखाली गेले, तर 1954 मध्ये तेथे 29.73 मीटर ही विक्रमी पातळी मोजली गेली. मात्र त्या वेळी मुख्य शहर बांधांनी वाचवले. दोन्ही वर्षे नकाशावर बांधांच्या शेजारीच लिहावीत, कारण शहरातील कोणती जमीन सखल आणि कोणती सुरक्षित, हे टेकड्यांइतकेच या बांधांवरून ठरते.