सर्व्हरच्या लॉगवर नजर ठेवताना या चुका टाळा

इंटरनेटला थेट जोडलेल्या कुठल्याही लिनक्स सर्व्हरची ऑथ.लॉग (लॉगिनच्या नोंदींची) फाइल उघडून पाहा. रेडहॅट या लिनक्सच्या कुळातला सर्व्हर असेल तर हीच फाइल 'सिक्युअर' नावानं सापडते. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी लॉगिनचे फसलेले प्रयत्न पानंच्या पानं भरून दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते. मग तो हे प्रयत्न ज्या आयपी पत्त्यांवरून आले त्यांची यादी करतो आणि एकेक पत्ता अडवण्यासाठी फायरवॉलमध्ये टाकत बसतो.

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळायचो, तेव्हा मीही रोज सकाळी हेच करत होतो. बॅकअपसाठी काढलेल्या खात्यावरून पहाटे तीनच्या सुमारास झालेलं एक लॉगिन त्याच फाइलमध्ये अकरा दिवस पडून होतं. ते यशस्वी झालं होतं, म्हणून माझ्या यादीत आलंच नाही.

फसलेल्या ओळी मोजणं आणि यशस्वी ओळी सोडून देणं

फसलेला प्रयत्न म्हणजे कुलूप टिकलं. घुसखोर आत आला की त्याची नोंद 'अ‍ॅक्सेप्टेड पासवर्ड' अशी होते, आणि ती ओळ तुमच्या कर्मचाऱ्याच्या ओळीसारखीच दिसते. म्हणून रोज आधी यशस्वी लॉगिनची यादी काढा. कोण, कुठून, किती वाजता, पासवर्डनं की 'की'नं (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीनं), एवढं पाहायचं. लहान कार्यालयात ही यादी वीस-तीस ओळींच्या वर जात नाही आणि ती वाचायला पाच मिनिटं पुरतात. रात्रीची वेळ, कधी न दिसलेला पत्ता आणि माणसानं वापरायचंच नाही असं खातं, या तीन गोष्टींवर डोळा ठेवा. पन्नास वेळा फसल्यावर त्याच पत्त्यावरून एक यश मिळालेलं दिसलं, तर हातातलं काम सोडून आधी तिकडे बघा.

विंडोजवर फसलेल्या लॉगिनच्या नोंदीचा क्रमांक 4625 आणि यशस्वी लॉगिनचा 4624. रिमोट डेस्कटॉपचं लॉगिन प्रकार 10 म्हणून नोंदवलं जातं, पण एनएलए (जोडणीआधीच ओळख तपासणारी सोय) चालू असेल तर फसलेले प्रयत्न प्रकार 3 मध्ये दिसतात. फक्त 10 शोधणाऱ्याला वाटतं की कुणी प्रयत्नच केलेला नाही. याशिवाय नवं खातं तयार झालं की 4720, लोकल गटात कुणाला घातलं की 4732 आणि सिस्टम लॉगमध्ये नवी सर्व्हिस बसली की 7045. सुरक्षा लॉग कुणी पुसला तर 1102 येतो. तो आला आणि तुमच्यापैकी कुणी लॉग पुसलेला नसेल, तर मध्यरात्र असली तरी उठायचं.

फेल2बॅन बसवलं की निर्धास्त होणं

फेल2बॅन (वारंवार चुकणारा पत्ता आपोआप अडवणारा प्रोग्राम) उपयोगी आहे आणि मी ते बसवतोच. पण त्याचा मूळ हिशोब दहा मिनिटांत पाच चुका आणि दहा मिनिटांची बंदी असा असतो. तासाला एकच पासवर्ड टाकणारा त्यात कधीच सापडत नाही. एकच सोपा पासवर्ड शंभर खात्यांवर सावकाश फिरवणाराही निसटतो. त्यासाठी दिवसभराचा हिशोब वेगळा मांडावा लागतो: किती वेगवेगळ्या खात्यांवर प्रत्येकी एक-दोन चुका झाल्या?

दुसरी अडचण रिव्हर्स प्रॉक्सीची, म्हणजे वेबसाइटच्या पुढे राहून विनंत्या आत पोचवणाऱ्या सर्व्हरची. वेबसाइट प्रॉक्सीमागे असेल आणि खरा पत्ता लॉगमध्ये उतरवण्याची सोय केलेली नसेल, तर सगळ्या विनंत्या प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. मग बंदी प्रॉक्सीवर बसते, साइट सगळ्यांना बंद होते आणि हल्लेखोर मोकळा राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वेब सर्व्हरला विनंतीतल्या 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या रकान्यातला (मूळ पाठवणाऱ्याचा) पत्ता नोंदवायला सांगा, पण तो फक्त स्वतःच्या प्रॉक्सीकडून आलेला असेल तरच मानायचा. नाहीतर तिथे कुणीही खोटा पत्ता लिहू शकतो.

घड्याळं न जुळवणं

फायरवॉल यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितो आणि सर्व्हर भारतीय वेळ. घटना एकच, पण दोन नोंदींत साडेपाच तासांचं अंतर. घाईच्या वेळी ही साखळी जुळवताना डोकं फिरतं, आणि निरपराध कर्मचाऱ्यावर संशय गेल्याचंही मी पाहिलं आहे. सगळीकडे एकच वेळ ठेवा आणि ओळीत टाइमझोन लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं 28 एप्रिल 2022 रोजी दिलेल्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. लॉग 180 दिवस ठेवायचे आणि घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, हेही त्यातच आहे.

180 दिवस हा आकडा वाचून आपल्या सर्व्हरकडे पाहा. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रामची नेहमीची मांडणी आठवड्याला एक याप्रमाणे चार जुन्या फाइल ठेवते, म्हणजे जेमतेम महिनाभराचं. विंडोजचा सुरक्षा लॉग मुळात 20 एमबीचा असतो आणि गजबजलेल्या सर्व्हरवर तो बघता बघता भरून जुन्या नोंदी पुसू लागतो.

लॉग त्याच मशीनवर ठेवणं आणि शांततेला 'सगळं ठीक' समजणं

ज्याला रूटचा, म्हणजे मशीनवरचा सर्वोच्च, अधिकार मिळाला, तो लॉगही पुसू शकतो. म्हणून ओळ लिहिली जाताच तिची प्रत दुसऱ्या मशीनवर गेली पाहिजे, आणि त्या मशीनचे पासवर्ड वेगळे असले पाहिजेत. सिसलॉग (लॉगच्या ओळी पाठवण्याची प्रचलित पद्धत) यूडीपीच्या, म्हणजे पोचपावती नसलेल्या वाहतुकीच्या, 514 पोर्टवर पाठवला तर वाटेत हरवलेल्या ओळीचा पत्ताच लागत नाही. पोच तपासणारं टीसीपी वापरा, जमल्यास टीएलएसच्या कूटबद्धतेसह.

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेश बँकेच्या (तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या) नावानं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे पैसे पाठवण्याचे खोटे आदेश गेले आणि 8 कोटी 10 लाख डॉलर मनिलाला पोचले. स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यातल्या संदेशांची छापील नोंद काढणारा प्रिंटर त्या वेळी बंद पडलेला होता. कर्मचाऱ्यांना तो नेहमीचा बिघाड वाटला. प्रत्यक्षात घुसखोरांच्या मालवेअरनं नोंदी पुसल्या होत्या आणि छपाईही अडवली होती. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते: तिथे धोक्याची खूण नोंद न येण्यातच होती.

आपल्याकडे लॉग येणं थांबतं ते बहुतेकदा साध्या कारणांनी. डिस्क भरते, सर्टिफिकेटची मुदत संपते, पाठवणारा प्रोग्राम मरतो. रोटेशननंतर (जुनी फाइल बाजूला जाऊन नवी सुरू झाल्यावर) जुन्याच फाइलला चिकटून बसणं ही तर हमखास सापडणारी खोट. लॉगच्या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या टेल कमांडला लहान एफ दिला की ती नाव बदललेल्या जुन्या फाइलकडेच बघत राहते, मोठा एफ दिला की नवी फाइल पकडते. प्रत्येक मशीनची शेवटची ओळ कधी आली हे तपासणारा एक अलर्ट लावा. दर सोमवारी मुद्दाम एक चुकीचं लॉगिन करून अलर्ट येतो का, हेही पाहा.

अलर्ट मात्र मोजकेच हवेत. दिवसाला दोनशे ईमेल येऊ लागले की तिसऱ्या दिवशी त्यांचं वेगळं फोल्डर होतं आणि ते कुणी उघडत नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत 2013 साली 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा मालवेअरचे इशारे आले होते, पण त्यावर वेळीच पाऊल उचललं गेलं नाही. ज्या अलर्टवर कुणी काय करायचं हे ठरलेलं नाही, तो काढून टाका.

घुसखोरी दिसली की घाईनं रीस्टार्ट करणं

मेमरीतले पुरावे रीस्टार्टनं जातात. नेटवर्कची केबल काढा, वीज चालू ठेवा. व्हर्च्युअल मशीन असेल तर मेमरीसह स्नॅपशॉट घ्या. लॉगची प्रत काढून लगेच तिचा एसएचए-256 हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा डिजिटल ठसा) लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश मागितलेला आहे.

यानंतरची चूक मी स्वतः केली. पतसंस्थेतल्या त्या बॅकअप खात्याचा पासवर्ड बदलला, पत्ता अडवला आणि काम झालं असं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी तेच खातं नव्या पत्त्यावरून आत आलं. या वेळी ओळ होती 'अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी'. घुसखोरानं पहिल्याच रात्री कुठल्या की चालतील हे ठरवणाऱ्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये स्वतःची की टाकून ठेवली होती. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्येही दर तासाला चालणारी एक अनोळखी ओळ सापडली. तो सर्व्हर आम्ही बाजूला काढला, नवा कोराच बांधला आणि पहिल्या घुसखोरीच्या आधीच्या बॅकअपमधून फक्त डेटा परत आणला.