दुसऱ्या फाईटलाच पाय जड होतायत? तायक्वांदोत या चुका टाळा

ऑलिंपिकमध्ये एका वजनगटाच्या सगळ्या फाईट एकाच दिवशी उरकतात. २०२४ ला पॅरिसच्या ग्राँ पालेत सकाळी पहिली किक मारलेला खेळाडू रात्री फायनलला उभा होता. सुवर्णासाठी किमान चार फाईट. प्रत्येक फाईट दोन-दोन मिनिटांचे तीनही राऊंड चालली तरी मॅटवरचा वेळ चोवीस मिनिटं. खेळाडू थकतो तो या चोवीस मिनिटांनी कमी आणि मधल्या तासांनी जास्त. आपल्या राज्य स्पर्धेतल्या मुलांचंही तेच होतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘शिजाक’ (सुरू करा) ऐकताच सुटायचं आणि थांबायचंच नाही. खरा हल्ला एक-दोन सेकंदांचा असतो, बाकी वेळ पावलांचा. समोरच्याच्या हातावर बसलेल्या सहा किकना एकही पॉइंट मिळत नाही, दम मात्र सहाही किकचा जातो. कॉम्बिनेशन (एकापाठोपाठ मारलेल्या किक) झालं की अंतर तोडा, श्वास सोडा, मग पुन्हा आत जा.

दुसरी चूक नियमांची. २०२२ पासून मोठ्या स्पर्धांत ‘बेस्ट ऑफ थ्री’ आलं, म्हणजे तीनपैकी दोन राऊंड जिंकेल त्याची फाईट, तरी अनेक जण अजून जुन्या हिशेबाने खेळतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोच्या फायनलला थायलंडची पानिपाक वोंगपट्टनाकिट अगदी शेवटच्या सेकंदांपर्यंत मागे होती. होगूवर (छातीच्या संरक्षक कवचावर) एक किक बसली आणि ती ११-१० नं जिंकली. तेव्हा तिन्ही राऊंडचे पॉइंट एकत्र धरत. आता प्रत्येक राऊंड शून्यापासून. पहिला राऊंड जिंकलात आणि दुसऱ्यात दहा सेकंद उरलेले असताना आठ पॉइंटनी मागे असाल, तर जीव तोडून धावू नका, तिसऱ्यासाठी पाय राखा. अर्धा मिनिट बाकी असेल तर मात्र सोडायचं नाही. फिरून मारलेली डोक्यावरची एक किक पाच पॉइंटची असते.

थकवा आधी कुठे दिसतो? गाम-जोममध्ये, म्हणजे नियम मोडल्याच्या दंडात. पुढचा पाय उचलवत नाही म्हणून खेळाडू धरतो, पडतो, रेषेबाहेर जातो. प्रत्येक वेळी समोरच्याला एक पॉइंट, आणि एका राऊंडमध्ये पाच झाले की राऊंड गेला. यावर उपाय सरावातच. नुसतं दहा किलोमीटर पळून हा पाय तयार होत नाही. पळणं सोडू नका, दोन हल्ल्यांच्या मध्ये श्वास जागेवर यायला तेच उपयोगी पडतं. पण त्याच्या जोडीला पॅडवर दोन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती, असे राऊंड हवेतच.

आता ब्रेकचं ते एक मिनिट. खेळाडू खुर्चीवर येतो, माउथगार्ड काढतो, छाती धाप्पधाप्प होते, आणि कोच आठ सूचना एका दमात ऐकवतात. त्यातली एकही डोक्यात शिरत नाही. पहिली वीस-पंचवीस सेकंद कोचनी गप्प बसावं. हेडगार्ड सैल करा, लांब उच्छ्वास टाकू द्या, घोटभर पाणी द्या. मग एकच वाक्य: “पुढचा पाय वर ठेव, तो उजव्या पायानेच येतोय.” बास.

वजनाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. प्लॅस्टिकचं जॅकेट घालून, पाणी तोडून उतरवलेले दोन-तीन किलो म्हणजे अंगातलं पाणीच असतं. ते एका रात्रीत पुरतं भरून येत नाही. दुसऱ्या फाईटला पोटऱ्यांत गोळे येतात त्यात याचाही हात असू शकतो. जागतिक स्पर्धांत फाईटच्या सकाळी अचानक पुन्हा वजन घेतात, तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त भरून चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना तर वरच्या गटातच खेळवा.

दोन फाईटच्या मधे एसी हॉलमध्ये घामेजल्या डोबोकवर (तायक्वांदोच्या पोशाखावर) बसून राहू नका. दहा मिनिटं चाला, कोरडं घाला, केळं किंवा खजूर खा, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं घ्या. डबाभर जेवण नको. बोलावणं येण्याआधी पुन्हा घाम येईपर्यंत अंग गरम करा.

आणि कोचसाठी एक गोष्ट. डोक्यावर किक बसल्यावर पोरगं ब्रेकमध्ये शून्यात बघत असेल, “कितवा राऊंड?” याला उशिरा उत्तर देत असेल, तर त्याला दम लागलाय असं समजू नका. फाईट तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा.