जुन्या सामानातून कोंबड्यांचं खुराडं बांधताय? या चुका टाळा

पुण्यातल्या धायरीत आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. तिथलं पहिलं खुराडं मी बांधलं ते दोन खिडक्यांपायी. रविवारच्या जुन्या बाजारात सागवानी खिडक्या स्वस्तात मिळाल्या, त्या घरी आणल्या आणि मग त्यांच्या मापानं खुराडं उभं केलं. बहुतेक चुकांची सुरुवात इथूनच होते. हाताला लागलेलं सामान आकार ठरवतं आणि कोंबडीला काय हवं ते मागं पडतं. तिला रात्री तीन गोष्टी हव्यात: कोरडी जागा, वरून खेळती हवा, आणि कुणाचाही पंजा आत येणार नाही असा आडोसा. मापं आधी कागदावर मांडा. एका गावरान कोंबडीला आत चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहा धरले, तर सहा कोंबड्यांना आतून चार बाय सहा फुटांचं खुराडं लागतं. हे ठरल्यावरच भंगाराच्या दुकानात पाय ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक: कोंबडी जाळी

षटकोनी भोकांची, हातानं वाकणारी पातळ जाळी सगळीकडं 'कोंबडी जाळी' म्हणूनच विकली जाते. नावामुळं फसगत होते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. माझ्याकडं कुणाच्या तरी बागेतून काढलेला तिचा जुना गुंडाळा होता, तोच मी चारी बाजूंनी ठोकला. श्रावणातल्या एका सकाळी खुराड्यात चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मरून पडल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात जाळी खिळ्यापासून सुटून वीतभर वाकली होती, तारेला तपकिरी पिसं अडकली होती. चिखलात ठसे होते. शेजारचे काका उकिडवे बसले आणि बोट ठेवून मोजायला लागले. "पाच बोटं आहेत बघ. मांजराची न् कुत्र्याची चारच उठतात. हे उदमांजर." सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, जुन्या आंब्या-चिंचेच्या झाडांवर आणि घरांच्या माळ्यांवर उदमांजरं आजही राहतात. ती रात्री येतात. मुंगूस येतं ते दिवसा, आणि घूस तर जमिनीखालून.

म्हणून बाकी सगळं जुनं घ्या, पण जाळी नवी घ्या. अर्ध्या इंचाच्या चौकटीची वेल्डमेश जाळी. नुसते खिळे वाकवून ती बसवू नका. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी ठेवून पट्टीतून स्क्रू मारा, म्हणजे ओढली तरी सुटत नाही. खालची कड जमिनीपाशी संपवू नका. बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट जाळी आडवी पसरा आणि तिच्यावर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला लागतं, तिथं त्याला जाळी लागते. आणि दाराला नुसता हूक नको. कडीकोयंडा लावून त्यात खिट्टी अडकवा.

पत्रा आणि ऊन

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. बुटक्या खुराड्यावर उघडा पत्रा म्हणजे तिच्या डोक्यावर तापलेला तवा. पत्रा वापरायचा तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या, त्यावर उसाचं पाचट किंवा जुनी गोणपाटं अंथरून बांधा आणि उन्हाळ्यात दुपारी पाणी मारा. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं. छपराची पागोळी भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर पडायला हवी.

जुने सिमेंटचे पत्रे कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पावसाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. झड येते म्हणून जुना फ्लेक्स चारी बाजूंनी गच्च बांधला जातो. आतली ओल, श्वासाची वाफ, विष्ठेतून सुटणारा अमोनिया, सगळं आत कोंडतं. फ्लेक्स खालून वर बांधा आणि छपराखालची सहा इंचांची पट्टी बारा महिने उघडी ठेवा. डिसेंबरच्या थंडीतही. अंगावर वारा नको, पण डोक्यावरून हवा जायला हवी.

लाकूड निवडताना

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून सुटलेली पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, स्वस्तात मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि दोन अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड फक्त तापवलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे विषारी धुरी दिलेलं, ते सोडा. शिक्का नसेल तर नाकाशी धरा. तेलाचा, रसायनाचा वास किंवा डाग असेल तर नकोच. रसायनाच्या पिंपांचंही तेच, पाण्यासाठी ती कधीच वापरू नयेत.

पाडलेल्या वाड्यांचं सागवान उत्तम असतं, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोंबड्या पोपडे टिपतात. अशी फळी आत लावू नका. थर्माकोलही त्या तितक्याच आवडीनं टोचतात. खिळे उपटून झाले की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवा. चमकणारं काहीही कोंबडी गिळते.

खुराड्याच्या पायांखाली काळी माती असेल तर खांब नुसते पुरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि चौकट तिरकी होऊन दार बसेनासं होतं. पाय सपाट दगडांवर टेकवा आणि तळ दीड फूट उचला.

बांधून झालं, तरी बिघडतंय?

कोंबड्या अंड्याच्या पेटीत झोपून घाण करत असतील, तर पेटी रात्री बसायच्या दांडीपेक्षा उंच लागली आहे. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते. पेटी खाली घ्या, दांडी वर. दांडी दोन इंच जाड, कडा घासलेली, दर कोंबडीला आठ-दहा इंच. पेटी फूटभर लांब-रुंद असली की चार-पाच कोंबड्यांना एक पुरते.

वास येत असेल तर कोंबडीच्या उंचीला वाका आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर खाली अंथरलेलं तूस ओलं आहे. ते काढून कोरडं चार इंच भरा. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण पसरते, आणि तिच्यात पिल्लं पटापट जातात.

अंधार पडला तरी कोंबड्या आत जायला तयार नसतील, तर लाल किडीची शंका घ्या. जुन्या लाकडाच्या फटींत ही कीड दिवसभर दडून बसते आणि रात्री कोंबडीचं रक्त पिते. दिवसा काही दिसत नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूनं, टोकाशी, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लालसर रेघ उठली की कीड आहे. कोंबड्या बाहेर काढून फटींत उकळतं पाणी ओता, वाळू द्या, चुना भरा, आणि आठवड्यानं हेच पुन्हा करा, कारण अंड्यांतून नवी कीड तोवर बाहेर आलेली असते. त्या सागवानी खिडक्यांच्या चौकटीत ती मला तीनदा सापडली. चौथ्यांदा मी खिडक्या काढल्या आणि तिथंही जाळीच लावली.