तीन बॉलचं श्वासाचं यंत्र: या चुका टाळा

मिरजेत ऑपरेशन करून घरी परतणाऱ्या पेशंटच्या पिशवीत गोळ्या-औषधांसोबत बऱ्याचदा तीन रंगीत बॉलचं प्लास्टिकचं यंत्र असतं. स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र. घरी आल्यावर पेशंट पाइप तोंडात धरतो आणि जीव खाऊन फुंकतो. बॉल हलत नाहीत. ‘मेडिकलवाल्यानं खराब पीस दिला’ असं ठरतं आणि यंत्र कपाटावर जातं.

यंत्र चांगलंच असतं. ते फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास सावकाश बाहेर सोडा, पाइप ओठांत घट्ट धरा आणि छाती भरेपर्यंत हवा आत घ्या. तरीही बॉल उठत नसेल तर पाइप नीट बसलाय का, तडकलाय का ते बघा. कवळी काढलेली असेल तर ओठांच्या कडेनं हवा निसटते. काही जण नकळत नाकानं श्वास घेतात. त्यांनी नाक चिमटीत धरावं.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. तिन्ही बॉल एका झटक्यात वर उडाले की भेटायला आलेले पाहुणे वाहवा करतात. पण बॉलच्या कप्प्यांवरचे 600, 900, 1200 हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, सेकंदाला इतके मिलिलिटर. फुप्फुसात किती हवा गेली ते त्यावरून कळत नाही. भूल, पडून राहणं आणि टाक्यांचं दुखणं यामुळे श्वास वरवरचा होतो, फुप्फुसाच्या तळाचे बारीक वायुकोश मिटतात, कफ साचतो. ते उघडायला संथ, लांब श्वास लागतो. एकच बॉल दोन-तीन सेकंद वर टिकला, तर तो तीन बॉलच्या उड्यांपेक्षा केव्हाही भारी. यंत्र तिरकं धरलं की बॉल सहज चढतात, ती स्वतःचीच फसवणूक. ताठ बसा, यंत्र डोळ्यांसमोर सरळ धरा.

‘टाके तुटतील’ ही भीती घरोघरी असते. पोटावर किंवा छातीवर उशी दाबून धरा. दुखणं कमी करायची गोळी घेतल्यावर थोड्या वेळानं व्यायाम केला तर सोपा जातो. नंतर उशी तशीच धरून खोका, कफ गिळू नका.

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर जागेपणी दर तासाला साधारण दहा श्वास. दिवसभराचा कोटा सकाळीच उरकू नका, चक्कर येते. आलीच तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. पाइपचं तोंड साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. नातवंडांच्या हातात यंत्र देऊ नका. ते एकट्या पेशंटचं आहे.

ताप, हिरवट किंवा रक्ताळलेला कफ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. दम वाढला किंवा छातीत दुखू लागलं तर बॉल मोजत बसू नका. जत-आटपाडीकडच्यांनी सकाळच्या एसटीची वाट न बघता 108 लावावा.