कुत्रा चावला आणि टीटी घेऊन घरी गेले: प्रतिकारशक्तीच्या कामात खोडा घालणाऱ्या चुका

तालुक्याच्या गावी ओपीडीत बसलं की एक वाक्य रोज कानावर पडतं: "डॉक्टर, असं काहीतरी द्या की उद्या कामावर जाता आलं पाहिजे." प्रतिकारशक्तीला ही घाई परवडत नाही. जंतू आत शिरला की पांढऱ्या पेशींची पहिली फळी काही तासांत भिडते, पण ती सगळ्यांना सरसकट झोडपते. नेमक्या त्याच जंतूला पकडणाऱ्या अँटिबॉडी पहिल्या खेपेला तयार व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. लोकांच्या निम्म्या चुका तेवढा धीर नसल्यामुळे होतात. उरलेल्या होतात "सुई टोचली ना, मग झालं" या समजुतीमुळे.

या समजुतीचा कळस म्हणजे कुत्रा चावल्यावर नुसतं टीटी घेणं. टीटी धनुर्वातासाठी असतं. त्यातून तयार होणाऱ्या अँटिबॉडी धनुर्वाताचं विष निकामी करतात, रेबीजच्या विषाणूकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मागे एक बापलेक आले. पोरगं शाळकरी, बोटाला खोल चावा, मध्ये दोन दिवस गेलेले. जखमेवर लाल तिखट, त्यावर चुना, त्यावर हळद, सगळ्याचा वाळून पापुद्रा झालेला. "टीटी घेतलंय की परवाच. आणि कुत्रं आमच्या गल्लीतलंच आहे," बाप म्हणाला. मी पोराचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून धुवायला घेतला. तिखट सुटायला लागलं तसा पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला. बाप म्हणे, "राहू द्या आता, निघालं की सगळं." घड्याळात चार मिनिटं झाली होती. धुवायचं पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, आणि मी ते घड्याळ बघूनच करतो. रेबीजच्या विषाणूला स्निग्ध आवरण असतं, साबणानं ते फुटतं. म्हणजे पहिला उपचार घरच्या मोरीतच होऊ शकतो, तोही फुकट. तिथे लोक मिरची वाटत बसतात.

मग जखमेच्या आत आणि भोवती तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन दिलं, दंडात लस दिली. "दोन-दोन कशाला?" अहो दादा, लशीमुळे शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवेल, पण त्याला सात ते चौदा दिवस लागणार. तोवर विषाणू स्नायूतून नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरला आणि नसेतून मेंदूकडे निघाला की तिथे आपल्या फौजेचा हात पोचत नाही. बोटं आणि चेहरा म्हणजे तर नसांचं जाळंच. म्हणून मधल्या दिवसांसाठी बाहेरून तयार अँटिबॉडी. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर आजही इलाज नाही.

पोरगं आज ठणठणीत आहे, पण तिसऱ्या डोसाला त्याला शेजाऱ्यानं आणलं आणि पुढच्या डोसाला मला फोन करावा लागला. दंडाच्या स्नायूत घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. कुत्र्यावर दहा दिवस नजर जरूर ठेवा, पण पहिला डोस त्यासाठी अडवू नका. दहा दिवसांनी कुत्रं धडधाकट असेल तर डोस कमी करायचे की नाही, ते डॉक्टरला ठरवू द्या.

दुसरी चूक पावसाळ्यातली. ताप आला की त्याच संध्याकाळी मेडिकलमधून अँटिबायोटिक, सोबत कमरेत एक "पॉवरचं" इंजेक्शन. सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार, अँटिबायोटिक त्यांना काहीही करत नाही. ताप तर शरीर स्वतःच वाढवतं, कारण वाढलेल्या तापमानात बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींना जोर येतो. अंग फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पडून राहा. पडून राहणं कुणाला आवडत नाही, हीच खरी अडचण. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, रक्तस्रावाची भीती असते. धाप, ग्लानी, लघवी कमी होणं, कुठूनही रक्त येणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर रक्त तपासा.

प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज उठून गुळवेलाचा काढा? मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये असा काढा घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली आहे.

स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचं घेऊ नका. स्वतःचं चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका.

आणि गोवर. "येऊन गेला की अंग स्वच्छ होतं," असं म्हणणाऱ्या आज्या अजून भेटतात. खरं तर गोवराचा विषाणू आधीच्या आजारांची आठवण जपणाऱ्या पेशीच मारतो. लस न घेतलेल्या मुलांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवरानंतर त्यांच्या ११ ते ७३ टक्के अँटिबॉडी नाहीशा झालेल्या आढळल्या. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, त्यात लस न मिळालेली मुलं बरीच होती. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, कारण त्याआधी आईकडून आलेल्या अँटिबॉडी लशीचं काम अडवतात. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. नाक वाहतंय म्हणून तारीख पुढे ढकलू नका, साध्या सर्दीत लस चालते. तारीख हुकलीच असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन या. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे.