हौदाची मोटर आणि बोअरची मोटर, दोन्ही एकाच टाकीवर ऑटोमॅटिक कशा जोडायच्या

सोलापुरात घर म्हटलं की खाली हौद, वर टाकी आणि अंगणात नाहीतर पार्किंगमध्ये बोअर, हे ठरलेलंच. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी रात्री दोनला येतं, मग उठून मोटर चालू करा, परत बंद करायला जागत बसा, आणि डोळा लागला की टाकी भरून गल्लीतनं पाणी वाहतंय. म्हणून आता जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड सगळीकडं लोकं ऑटोमॅटिक लावायलेत. लावा, पण बऱ्याच ठिकाणी एकच फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन वायर जोडणारा-तोडणारा तरंगता स्वीच) आणून त्यातनं मोटरचा सगळा करंट नेतात आणि दोन्ही मोटरी एकाच स्वीचवर टाकतात. तसं करू नका. दोन मोटरी म्हणजे दोन वेगळे संसार, प्रत्येकीचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्वीच) वेगळा, कॉन्टॅक्टर (कॉइलला लाईट मिळाली की ओढला जाऊन मोटर चालू करणारा मोठा स्वीच) वेगळा, ओव्हरलोड (मोटर जास्त करंट ओढायला लागली की तिला थांबवणारा रिले) वेगळा, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पण वेगळा. कॉमन काय, तर फक्त "पाणी पाहिजे" हा टाकीचा निरोप.

सगळी वायरिंग दोन प्रश्नांवर उभी आहे. वरच्या टाकीला पाणी पाहिजे का? आणि जिथनं उपसायचं तिथं पाणी आहे का? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच मोटर चालली पाहिजे. हे डोक्यात बसलं की खालचं सगळं सोपं जातं.

आधी एक गोष्ट. नळाच्या लाईनला डायरेक्ट मोटर लावायची नाही. महापालिका मोटर जप्त करते ती गोष्ट वेगळी, पण लाईन ओढली की शेजारच्याचा नळ बंद होतो आणि कुठं पाईप फुटलेला असला तर गटारीचं पाणी आत खेचलं जातं. नळाचं पाणी आपल्या जोरावर हौदात पडू दे, तिथनं पुढं मोटर.

आता सामान. मी १ एचपीच्या दोन सिंगल फेज मोटरी धरून सांगतो, एक हौदाची मोनोब्लॉक किंवा ओपनवेल, दुसरी बोअरची सबमर्सिबल. मोटरच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले असतात, ते आधी वहीत लिहून घ्या, सगळं त्याच्यावर ठरतं. प्रत्येक मोटरला १६ अँपिअरचा सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. कर्व्ह म्हणजे क्षणभराचा जास्त करंट तो किती सोसतो ते. बी कर्व्ह नको, मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, बी कर्व्हवाला त्याच वेळी पडू शकतो. दोन्हीच्या मागं ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठं गळाला की लाईन तोडणारा स्वीच) पाहिजेच, ओल्या जागेचं काम आहे. वायर २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची, आणि अर्थची हिरवी वायर पण तेवढीच. पूर्वी लोकं नळाच्या लोखंडी पाईपला अर्थ बांधायचे, आता पाईप सगळे पीव्हीसीचे, तिथं अर्थ मिळत नाही, घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंतच न्यायची.

बोअरच्या केबलवर पैसे वाचवू नका. मोटर ३०० फुटावर असेल तर जाऊन येऊन तार दुप्पट होते. ८ अँपिअर धरले तर २.५ च्या केबलमध्ये साधारण ११ व्होल्ट पडतात, १.५ च्या केबलमध्ये १७-१८. हे चालू असतानाचं झालं. सुरू होताना करंट पाचपट असतो म्हणजे १.५ च्या केबलमध्ये क्षणभर ८८-९० व्होल्ट केबलमध्येच जातात, आणि आधीच व्होल्टेज कमी असेल तर मोटर उचलतच नाही, नुसती गुंगते आणि वाइंडिंग तापतं. "मोटर जळाली, कंपनी खराब" असं म्हणतात त्यातल्या कितीतरी मोटरी केबलनं मारलेल्या असतात.

अजून एक, हे खरेदीच्या आधीच बघा. बोअरचं जुनं पॅनल उघडून बघा, त्यात दोन कॅपॅसिटर असतील, एक रनिंगचा, एक स्टार्टिंगचा. बऱ्याच पॅनलमध्ये हिरवं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरायचं असतं, दाबलेलं असतं तेवढाच वेळ स्टार्टिंगचा कॅपॅसिटर लागतो, बोट काढलं की तो सुटतो. असल्या पॅनलला बाहेरनं कॉन्टॅक्टरनं नुसती लाईट दिली तर बटण दाबणार कोण? काहीच होणार नाही, नाहीतर मोटर गुंगत बसेल. तुमचं असलं पॅनल असेल तर ऑटो स्टार्टचं पॅनल घ्या, ज्यात स्टार्टिंग कॅपॅसिटर आपोआप लागतो आणि सुटतो. हौदाच्या मोनोब्लॉकला ही भानगड नसते, तिचा कॅपॅसिटर मोटरवरच असतो आणि कायम लागलेला असतो. आणि पॅनल उघडताना लक्षात ठेवा, लाईट बंद केल्यावरसुद्धा कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

फ्लोटच्या केबलमधनं २३० व्होल्ट नेऊ नका. टाकीच्या पाण्यात बुडलेली केबल, उन्हानं तडकलेली, आणि त्याच पाण्यानं घरातली पोरं आंघोळ करणार. १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या आणि १२ व्होल्टच्या कॉइलचे दोन रिले (छोट्या करंटवर चालणारे स्वीच). फ्लोट फक्त रिलेला सांगणार, रिलेचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला २३० देणार, आणि कॉन्टॅक्टर मोटरचा करंट तोडणार-जोडणार. दोन वायर जास्त होतात, होऊ द्या. बाजारात पाण्यात बुडवायच्या सळ्यांचे सेन्सर पण मिळतात, पण आपल्याकडं बोअरचं पाणी जड, सळ्यांवर पांढरा थर बसतो आणि काही महिन्यांत चुकीचं सांगायला लागतात. इथं फ्लोटच बरा.

जोडणी अशी. अडॅप्टरचा प्लस वरच्या टाकीच्या फ्लोटला. हा फ्लोट टाकी रिकामी झाली की जुळणारा घ्यायचा. तिथनं निघालेली वायर खाली हौदाच्या फ्लोटच्या कॉमनला, म्हणजे बाकी दोन्ही वायरींशी आळीपाळीनं जुळणाऱ्या वायरीला. हौदाचा फ्लोट मात्र तीन वायरीचा पाहिजे, कारण सगळी करामत त्याच्यात आहे. हौदात पाणी असताना कॉमनशी जुळते ती वायर पहिल्या रिलेला, म्हणजे हौदाच्या मोटरला. हौद रिकामा असताना जुळते ती वायर दुसऱ्या रिलेला, म्हणजे बोअरला. दोन्ही रिलेंची दुसरी टोकं अडॅप्टरच्या मायनसला. झालं. आता नळाचं पाणी हौदात असेल तोवर तेच वर चढणार, हौद संपला की बोअर धरणार, आणि दोन्ही एकदम चालणं जमणारच नाही. कुठल्या रंगाची वायर कुठली हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मल्टिमीटर बीपवर ठेवून फ्लोट हातानं वर-खाली करा आणि वायरींवर चिकटपट्टी लावून नाव लिहा.

बोअरच्या रिलेच्या वायरीत एक साधा स्वीच टाका. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं, तेव्हा ती ऑटोमॅटिक चालावी का नाही हे तुमच्या हातात राहू दे. मॅन्युअलचा स्वीच पाहिजे असेल तर तो फक्त वरच्या टाकीच्या फ्लोटला पॅरलल टाका. हौदाचा फ्लोट बायपास झाला तर मोटर कोरडी चालणार, सील जाणार, मग पाणी टपकत राहणार.

बोअरमध्ये फ्लोट घालता येत नाही, तिथं करंट बघणारा ड्राय रन प्रिव्हेंटर लागतो. पाणी संपलं की मोटरवरचा भार कमी होऊन करंट उतरतो, हे यंत्र ते ओळखून मोटर बंद करतं आणि ठरवलेल्या वेळानं परत बघतं. तो वेळ निदान अर्धा तास ठेवा, एप्रिल-मे मध्ये तास ठेवला तरी चालेल, झऱ्याला भरायला वेळ लागतो.

२३० व्होल्टच्या बाजूला (हे आकडे यंत्रावरच्या स्क्रूंवर छापलेले असतात), रिलेचा फेज ओव्हरलोडच्या ९५-९६ मधनं, मग दुसऱ्या मोटरच्या कॉन्टॅक्टरच्या २१-२२ मधनं, मग आपल्या कॉन्टॅक्टरच्या ए१ ला. ए२ ला न्यूट्रल. ९५-९६ म्हणजे मोटर जास्त करंट ओढायला लागली की कॉइलची लाईन तुटते. २१-२२ म्हणजे एक चालू असताना दुसरीला लाईट जातच नाही, रिले चिकटला तरी नाही. घ्यायच्या आधी कॉन्टॅक्टरवर २१-२२ आहे का बघून घ्या, काहींवर नुसता १३-१४ असतो, तो इथं कामाचा नाही. ओव्हरलोड रिले तीन पोलचा असतो आणि आपली मोटर सिंगल फेज, म्हणून एक पोल रिकामा ठेवायचा नाही, रिकामा ठेवला तर त्याला वाटतं एक फेज गेला आणि उगाच ट्रिप होतो. फेज पहिल्या पोलातनं काढून परत दुसऱ्यातनं न्या आणि न्यूट्रल तिसऱ्यातनं. डायल मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरवर ठेवा. सारखा पडतो म्हणून डायल वर ढकलणारे लोक आहेत, त्याच्यापुढची पायरी म्हणजे मोटर रिवाइंडिंगला.

न्यूट्रलचं एक सांगतो. मोटरचा न्यूट्रल तिच्याच आरसीसीबीखालचा पाहिजे. जिन्याच्या लाईटचा न्यूट्रल जवळ आहे म्हणून तिथनं घेतला तर आरसीसीबी सारखा पडत राहणार, आणि कारण सापडता सापडत नाही.

बॉक्स गच्चीवर उन्हात ठेवू नका. घरातले एमसीबी ३० अंशाला धरून बनवलेले असतात, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं आणि उन्हातल्या लोखंडी बॉक्सच्या आत त्याहून लई जास्त. मग कमी करंटला पण पडतात. जिन्याखाली, सावलीत, हात पोचेल एवढ्या उंचीवर लावा.

प्लंबिंगमध्ये एकच गोष्ट, पण ती विसरली तर वायरिंगचा उपयोग शून्य. दोन्ही मोटरींचे पाईप वर जाताना एकात मिळत असतील तर मिळायच्या आधी प्रत्येकीला आपला एनआरव्ही. नाहीतर बोअर चालू असताना पाणी टाकीत चढायच्या ऐवजी हौदाच्या मोटरमधनं उलटं हौदात उतरतं, तुम्हाला वाटतं बोअरचं पाणी कमी झालं.

काम करताना मेन बंद, आणि नुसत्या टेस्टरवर विश्वास नको, मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. १२ व्होल्टची बाजू, फ्लोट, लेबलं हे घरी करा, पण मेनपासून मोटरपर्यंतची जोडणी आणि अर्थिंगची तपासणी लायसन्स असलेल्या वायरमनकडनंच करून घ्या.

चाचणी मोटरी न जोडता करा. कॉन्टॅक्टरच्या खालच्या वायरी काढून ठेवा, वरचा फ्लोट खाली सोडा, हौदाचा उचला, पहिला कॉन्टॅक्टर टक् करून ओढला पाहिजे. हौदाचा फ्लोट सोडा, पहिला सुटून दुसरा ओढला पाहिजे. वरचा उचला, दोन्ही सुटले पाहिजेत. मग ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबून बघा, आरसीसीबीचं टी बटण दाबून बघा. सगळं बरोबर आलं तरच मोटरी जोडा, क्लँप मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून करंट प्लेटशी ताडून बघा, आणि सर्किटचा नकाशा कागदावर काढून बॉक्सच्या दाराला आतनं चिकटवा.