फ्रँकफर्टवाल्यांना कुठून वाचायला घ्यावं

नेट-सेटच्या नोट्स वाचून चिकित्सक सिद्धांताकडे (क्रिटिकल थिअरी, म्हणजे फ्रँकफर्टच्या विचारवंतांनी मांडलेली समाजाची चिकित्सा) वळणारे बरेच जण थेट ‘डायलेक्टिक ऑफ एनलायटनमेंट’ उघडतात आणि पहिल्याच प्रकरणात अडकतात. ते १९४४ सालचं लेखन. तोवर त्याचे लेखक होर्कहायमर आणि अडोर्नो यांचा सुट्या विज्ञानशाखांवरचा भरवसा बराच ओसरला होता. तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्रं एकत्र नांदवण्याची मूळची उमेद पाहायची तर मागे जावं लागतं.

होर्कहायमरचं २४ जानेवारी १९३१ चं भाषण आधी घ्या. फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेचा संचालक म्हणून केलेलं हे भाषण एका बैठकीत वाचून होतं. वहीत तीन रकाने आखा: अर्थव्यवहार, माणसाचं मन, संस्कृती. त्याचा प्रश्न या तिघांमधल्या नात्याचा आहे. ‘तत्त्वज्ञान प्रश्न देतं, शास्त्रं उत्तरं देतात’ एवढंच टिपून पुढे गेलात तर निम्मं हातून निसटलं. हाती आलेल्या पुराव्याने मूळ प्रश्नही बदलला पाहिजे, ही खरी अट.

मग त्याच संस्थेतला मनोविश्लेषक एरिक फ्रॉम याची जर्मन कामगारांची पाहणी. ती भाषणाच्या आधी, १९२९ मध्येच सुरू झाली होती. २७१ प्रश्न, सुमारे ३,३०० प्रश्नावल्या. १,१०० च्या आसपास परत आल्या आणि नाझी सत्तेवर आल्यावर संस्थेने देश सोडला त्या धावपळीत उरल्या ५८४. इथे थोडं रेंगाळा. मुलांना अजिबात न मारता वाढवता येतं का, असा एक प्रश्न होता. उत्तर मोकळं लिहायचं. ते जसंच्या तसं मोजलं नाही. मनोविश्लेषक रुग्णाचं बोलणं ऐकतो तसा त्यातला कल ओळखून वर्ग पाडले आणि त्याच माणसाच्या राजकीय उत्तरांशी ताडून पाहिले. डाव्या पक्षाला मत देणारा घरात हुकूमशहा असू शकतो, हे अशा ताडण्यातून दिसतं. तत्त्वज्ञान आणि पाहणी यांचा सांधा इथे हाताला लागतो.

पण ‘जर्मन कामगार मुळातच फॅसिस्ट होते हे सिद्ध झालं’ असं लिहू नका. नमुना डाव्यांकडे झुकलेला, नाझी समर्थक मोजकेच, त्यात निम्म्या प्रश्नावल्या गहाळ. पूर्ण अहवाल छापला गेला तोच १९८० मध्ये.

त्यानंतर १९३७ चा ‘पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत’ हा निबंध. यातला ‘पारंपरिक’ म्हणजे जुनाट नव्हे. तथ्यं आयती मिळतात असं मानणारं चालू विज्ञानही त्यात आलं. होर्कहायमरच्या मते दिसणारी वस्तू इतिहासाने घडवलेली असते, आणि पाहणारा डोळाही.

१९४४ चं पुस्तक आता घ्यायला हरकत नाही, फक्त आवृत्ती नीट बघा. १९४७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापताना मार्क्सवादी वळणाचे अनेक शब्द सौम्य केले गेले. अवतरण देताना साल लिहिलं नाही, तर तुम्ही नेमकं कुठलं वाक्य वाचताय तेच कळत नाही.